घरची वायरिंग, घरचे हात: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मी दारव्हा तालुक्यात राहते. आयटीआयमधून वीजतंत्री झाले, पुढे पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र घेतलं. घरांची, पिठाच्या गिरण्यांची, विहिरीवरच्या मोटारींची कामं करते. या वेळी संपादकांनी विजेची पत्रं माझ्याकडे दिली. बहुतेकांचा प्रश्न फिरून एकच होता: घरचं काम आपणच केलं तर काय बिघडतं?

प्रश्न : घरकुलाचं काम होत आलं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाहेर न्हाणी. वायरमन पॉइंटच्या हिशेबानं पैसे मागतो, ते आम्हाला जड जातात. मुलगा बारावी झाला आहे. व्हिडिओ पाहून त्यानं शेजाऱ्यांचा बोर्ड नीट जोडून दिला. घरची वायरिंग त्यानंच केली तर कायद्यानं चालतं का?
— एक वाचक, ता. घाटंजी

उत्तर : दादा, चालत नाही. घर तुमचं आहे, मुलगा हुशार आहे, तरी नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम २०२३ मध्ये नव्यानं आले. त्याआधी २०१० चे होते, त्याहीआधी १९५६ चे. पण हा मुद्दा तिन्हींत तोच आहे. नवीन वायरिंग, वाढीव पॉइंट, फेरफार, दुरुस्ती ही कामं राज्य सरकारचा परवाना असलेल्या वीज कंत्राटदारानंच करायची. त्यावर प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख हवी आणि काम करणाऱ्या कामगाराकडे परमिट हवं.

घरच्या माणसाला सूट आहे ती एवढीच: दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण किंवा होल्डरसारखं फिटिंग बदलणं. तेही जोडणीची क्षमता किंवा तिचं स्वरूप बदलत नसेल तर. सहा अँपिअरचा सॉकेट जळाला, त्या जागी तसाच दुसरा बसवला, हरकत नाही. त्याच जागी सोळा अँपिअरचा बसवून त्यावर पाणी तापवायचा रॉड लावला, तर क्षमता बदलली. भिंतीतली वायर मात्र एक किंवा दीड स्क्वेअर एमएमचीच आहे. ती आतल्या आत तापत राहील आणि बाहेरून तुम्हाला काही दिसणार नाही.

लोक मला म्हणतात, त्यात काय एवढं, लाईट लागला की काम झालं. घोळ इथंच आहे. स्विच फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या तारेवर) टाकला तरी दिवा लागतोच. अर्थची तार कुठंच जोडली नाही तरी मिक्सर फिरतो. पाइपात दडलेला जोड नुसता पिळून टेप मारलेला असला तरी पंखा चालतो. चुकीचं काम वर्षानुवर्षं बिनतक्रार चालू शकतं. मग एक दिवस कोणी होल्डर बदलायला स्टुलावर चढतं, बटन बंद केलंय म्हणून निर्धास्त असतं, आणि त्यालाच झटका बसतो. कारण बटन बंद असूनही होल्डरमध्ये फेज आलेलाच असतो.

म्हणून काम संपल्यावर तपासणी लागते. ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे वायरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजायच्या यंत्रानं, एक मिनिटभर दाब देऊन वायरिंगचा इन्सुलेशन रोध मोजायचा, तो किमान १ मेगाओहम यायला हवा. व्हिडिओ पाहून बोर्ड जोडता येईल, पण मेगर घरी नसतो. नव्या मीटरच्या अर्जालाही परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतोच. काही जण वायरिंग स्वतः करतात आणि नुसती सही कोणाकडून तरी विकत घेतात. अशी सही देणाऱ्यावर माझा राग आहे. न पाहिलेल्या घराची हमी तो कुटुंबाच्या गळ्यात घालतो.

पैसे वाचवायचे तर रस्ता आहे. कंत्राटदाराशी मजुरीचा वेगळा भाव ठरवा आणि माल स्वतः आणा. वायरवर आयएसआयचा शिक्का पाहून घ्या. दिव्यांना दीड आणि सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची वायर घ्या. लाल फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी फक्त अर्थला. रंगाची वायर संपली म्हणून हिरवी दुसरीकडे वापरू देऊ नका. भिंतीला झिऱ्या मारणं, पेट्या बसवणं, प्लास्टर बुजवणं हे मुलाला करू द्या, फक्त खुणा कंत्राटदारानं केलेल्या असाव्यात. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना पाइप कुठून गेलाय ते कळतं. न्हाणीचं बटन दाराबाहेर घ्या.

आणि मुलाला या कामाची खरंच आवड असेल तर तारतंत्री किंवा वीजतंत्रीला घाला. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. नंतर हेच काम तो परमिट खिशात घालून करील.

प्रश्न : आमचा कूलर लोखंडी आहे. पाणी भरताना हात लागला की मुंग्या येतात. भाऊजींनी पिन उलटी करून लावली तर कमी झालं. आता ठीक आहे ना? घरात लहान लेकरं आहेत.
— एक भगिनी, ता. आर्वी

उत्तर : ठीक नाही, बाई. हे वाचून झाल्यावर आधी त्या कूलरची पिन काढा आणि दुरुस्त होईपर्यंत लावू नका. ४५ अंशांत कूलरशिवाय दिवस काढणं काय असतं ते मला माहीत आहे, तरी सांगते.

पिन उलटी केल्यावर मुंग्या कमी का झाल्या? मोटारीच्या गुंडाळीतून वीज एखाद्या जागी पत्र्याला झिरपते. ती जागा आधी फेजच्या टोकाजवळ होती, पिन फिरवल्यावर न्यूट्रलच्या टोकाजवळ आली. दोष तिथंच आहे. उद्या कोणी साफसफाई करून पिन पुन्हा सरळ लावली की करंटही परत येईल. दोन पायांची पिन उलटी लागू शकते, हेच तिच्यात वाईट. लोखंडी कूलरला तीन पायांचीच पिन हवी आणि तिसरा, जाड पाय पत्र्याला जोडलेला हवा.

पिन काढल्यावर पंपाची वायर पाहा. नेरजवळच्या एका घरी मी असाच कूलर उघडला होता. पंपाची वायर टाकीतून वर येऊन पत्र्याच्या भोकातून बाहेर पडत होती. त्या भोकाला रबराची बूच नव्हती. मोटारीच्या थरथरीनं पत्र्याच्या धारेवर घासून वायरचं आवरण कापलं गेलं होतं, तांब्याचे दोन-तीन केस उघडे पडले होते. त्याच्या खाली वीतभर अंतरावर एक जोड, त्याला साधी काळी टेप, आणि ती टेप पाण्यात लोंबत होती. पंखा मस्त वारा देत होता, वाळ्याच्या ताट्यांतून पाणीही बरोबर पडत होतं. पंपाची वायर अखंड हवी, पाण्यात जोड चालत नाही. घासलेली असेल तर पंप वायरसकट बदला. पंप बदलणं म्हणजे उपकरण बदलणं, ते घरच्या घरी करता येतं.

आता जे घरी करता येत नाही ते अर्थिंग. थोडा हिशेब सांगते, कारण हा हिशेब एकदा डोक्यात बसला की माणूस अर्थिंगला लावलेला पैसा वाया गेला असं म्हणत नाही. समजा तुमच्या घरच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि डीपीच्या, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, बाजूचा ५. फेज कूलरच्या पत्र्याला पूर्ण टेकला, तर २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर वीज जमिनीत जाईल. तुमचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारं बटन, १६ अँपिअरचा आहे. ९ अँपिअरवर तो पडणारच नाही, दिवसभर तसाच राहील. त्या पूर्ण वेळात कूलरच्या पत्र्यावर १८४ व्होल्ट असतील. माणसाला मारायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो, आणि तुम्ही उभ्या असता ओल्या फरशीवर, अनवाणी.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवायला आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पूर्ण परत आली का, हे ती सतत पाहते. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाईन तोडते. तुमच्या घरात एकाच गोष्टीचे पैसे जमत असतील तर फ्रीजआधी, इन्व्हर्टरआधी ही बसवून घ्या. आरसीसीबी आली म्हणून एमसीबी काढायचा नसतो, दोन्हींची कामं वेगळी आहेत. आणि कोणी एका हातानं फेज, दुसऱ्या हातानं न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला तो दिवाच वाटतो, ती पडत नाही. ती असली तरी उघड्या तारेला हात नको.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटते, ओल खोल जाते आणि रोध चढतो. म्हणजे कूलर चोवीस तास चालतात नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत कमजोर असतं. पाइप किमान अडीच मीटर खोल गेलेला हवा, भोवती कोळसा आणि मीठ हवं. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात पाणी ओतत राहा, हे घरातलं कोणीही करू शकतं. जागा निवडायची असेल तर भिंतीपासून दीड मीटर लांब, न्हाणीचं पाणी मुरतं त्या बाजूला घ्या.

लेकरांना एवढं शिकवा: कूलरमध्ये पाणी भरायचं तर आधी बटन बंद, मग पिन बाहेर, मग बादली.

प्रश्न : आमच्याकडे अर्थिंग नाही. वायरमननं सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थच्या पायाला एक तुकडा जोडून दिला. म्हणाला, दोन्ही शेवटी जमिनीतच जातात. बरोबर आहे का?
— एक वाचक, मंगरुळपीर

उत्तर : तो तुकडा आजच काढून घ्या. न्यूट्रलची तार खांबावर किंवा मीटरपाशी तुटली, नुसती सैल झाली, तरी फ्रीज, कूलर, मिक्सर सगळ्यांच्या पत्र्यावर फेज येईल. तेव्हा काही बिघडलेलं नसेल, काही जळालेलं नसेल, आणि हात लावणारा जाईल. वादळी पावसात खांबावरचा न्यूट्रल तुटणं आपल्याकडे नवलाचं नाही. हे काम जाणूनबुजून केलेलं असेल तर त्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका.

प्रश्न : ताई, आमच्या वावरातल्या डीपीवरचा फ्यूज उडाला का आमीच टाकतो. दोन-दोन दिवस कोनी येत नाई, पऱ्हाटी सुकते. सारेच टाकतात, मंग आमचंच काय चुकते?
— एक शेतकरी, ता. अकोट

उत्तर : भाऊ, तुमची तक्रार खोटी नाही. बोंडं धरायच्या वेळेला दोन दिवस पाणी नाही म्हणजे काय, ते वावरवाल्यालाच कळतं. तरीही डीपीला हात लावू नका.

तिथं वर ११ हजार व्होल्टची लाईन आहे. तुम्ही खालचा दांडा ओढून एबी स्विच उघडता आणि लाईन तुटली असं धरता. त्या स्विचला तीन पाती असतात. गंजलेली असली की दोन उघडतात, एखादं अडकून राहतं. खालून, त्यातही रात्री, ते दिसत नाही. लाईनमन वर चढण्याआधी लाईन खरंच मेली का ते तपासतो आणि तारा जमिनीला जोडून घेतो, तेव्हाच हात लावतो. तुमच्याकडे ना अर्थ रॉड असतो ना हातमोजे. त्यात कोणा शेजाऱ्यानं मोटारीसाठी जनरेटर उलटा जोडलेला असेल तर बंद लाईनही मागून जिवंत होते.

कायद्यानं मीटरच्या अलीकडचं सगळं, म्हणजे खांब, डीपी, खांबावरून घरी येणारी सर्व्हिस वायर, मीटर, तुमचं नाही. मीटरचं सील तोडलं तर २००३ च्या वीज कायद्यातल्या १३८ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मीटरपुढची जबाबदारी तुमची.

तक्रार तोंडी करू नका. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि तारीख-वेळ वहीत लिहा. बंद पडलेला पुरवठा किती वेळात सुरू करायचा हे राज्य वीज नियामक आयोगानं ठरवून दिलेलं आहे, आणि मुदत चुकली तर भरपाई मागता येते. क्रमांक नसेल तर कोणी दाद देत नाही. एका डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून तक्रार केली तर जास्त बरं. फ्यूज वारंवार उडत असेल तर त्या डीपीवर भार जास्त झालाय, हेही लेखी कळवा. जाड तार टाकून तो थांबवला की पुढची पाळी आख्ख्या ट्रान्सफॉर्मरची. मग पऱ्हाटीला दोन दिवस नव्हे, त्याहून जास्त दिवस पाणी मिळणार नाही.

प्रश्न : रानडुकरं आणि रोही सोयाबीन राहू देत नाहीत. कुंपणाच्या तारेत रात्रीपुरता करंट सोडला तर?
— एक वाचक, ता. केळापूर

उत्तर : नाही. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी त्या तारेवर मरतो, कधी घरचाच माणूस मरतो, आणि तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. जनावर मेलं तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आकडा टाकून केलं असेल तर वीजचोरी वेगळी. झटका मशीन वेगळं असतं. ते बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर चालतं, सेकंदाला एखादाच क्षणभराचा ठोका देतं आणि मधल्या वेळात तार रिकामी असते. त्याचा झटका बसलेलं माणूस किंवा जनावर सुटू शकतं. शिक्का पाहून तेच घ्या, आणि त्याच्या तारेला घरच्या लाईनचा कुठंही स्पर्श नको.

प्रश्न : मेन स्विच बंद करून पंख्याचा रेग्युलेटर बदलत होतो, तरी झटका बसला. असं कसं?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : घरात इन्व्हर्टर आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक असेल. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाईन गेली, आणि तो लगेच बॅटरीवरून घराला वीज देतो. आधी इन्व्हर्टर बंद करा, मगच मेन. नंतर टेस्टर लावा. त्याआधी तोच टेस्टर चालू सॉकेटवर लावून पेटतो का ते पाहून घ्या. बिघडलेला टेस्टर जिवंत तारेवरही पेटत नाही.

प्रश्न : आमचं घर टिनाचं आहे. पाऊस आला की टिनाला हात लावला तर झिणझिण होते. घरी मी आणि सासूबाई दोघीच. आम्हाला काय करता येईल?
— एक भगिनी, ता. दिग्रस

उत्तर : बहुतेक सर्व्हिस वायर टिनाच्या कडेवर टेकते आहे. वाऱ्यानं हलून आवरण घासतं आणि पावसात अख्खं छप्पर जिवंत होतं. वायर टिनापासून दूर धरून, पोर्सेलिनच्या किंवा प्लास्टिकच्या नळीतून आत घ्यावी लागेल. ते काम लाईनमनचं आहे, तुम्ही शिडी लावू नका. १९१२ ला आजच कळवा आणि सांगताना ‘छपराला करंट येतो’ असंच सांगा.

तुमच्या हातचं काम एक आहे आणि ते मोठं आहे. कपडे वाळू घालायची लोखंडी तार टिनाच्या अँगलला किंवा विजेच्या खांबाला बांधली असेल तर ती सोडा, तिथं नायलॉनची दोरी बांधा. ओले कपडे, लोखंडी तार, ओलं अंगण आणि बाईचे अनवाणी पाय. आपल्याकडे कितीतरी जणी अशाच गेल्या आहेत. दोघींपैकी एकीला झटका बसून ती चिकटली तर दुसरीनं तिला हात लावायचा नाही. आधी मेन खाली करायचा, किंवा कोरड्या लाकडानं तिला ढकलायचं, १०८ ला फोन करायचा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात आणि भरभर दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत.

प्रश्न : तुमचाच सल्ला कोणाकडून तरी ऐकून आरसीसीबी बसवली. ती रोज पडते. कंटाळून वायरमननं ती सोडून सरळ जोडून दिलं. आता काय करू?
— एक वाचक, ता. वरुड

उत्तर : परत जोडून घ्या. ती पडत होती म्हणजे घरात कुठंतरी वीज गळत होती. ती गळती अजून आहे, फक्त आता कोणी सांगणारं नाही.

जोडून घेतल्यावर शोध असा घ्या. घरातल्या सगळ्या पिना काढा, सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करा. ती टिकली तर एकेक एमसीबी वर करत जा. ज्यावर पडेल त्या भागात दोष आहे. एकावरही ती पडली नाही तर पिना एकेक करून लावा. टिल्लू पंप, जुना मिक्सर, पाणी तापवायचा रॉड यांच्यापासून सुरुवात करा. फक्त पावसात पडत असेल तर अंगणातला आणि कोठ्यातला होल्डर आधी पाहा. दोषी उपकरण सापडलं की बाजूला ठेवा.

सगळे एमसीबी खाली, सगळ्या पिना बाहेर, तरी पडत असेल तर कुठंतरी न्यूट्रल अर्थला टेकला आहे. वायरमननं दोन वेगळ्या भागांचे न्यूट्रल एकत्र पिळले असतील तर एमसीबी वर करून भार टाकल्यावर ती पडते. या दोन्ही गोष्टी मेगरशिवाय नीट सापडत नाहीत, तिथं तुमचं काम संपलं. परवानाधारकाला बोलवा, तुम्ही काय काय करून पाहिलं ते त्याला क्रमानं सांगा, त्याचा अर्धा वेळ वाचेल. त्यानंही आरसीसीबी सोडून सरळ जोडून देतो म्हटलं तर त्याच्या फेरीचे पैसे द्या आणि दुसऱ्याला बोलवा. दोष निघाल्यावर आरसीसीबीवरचं टेस्टचं बटन महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते पाहत जा.